कचाची ब्लॉक्ड अकाउंट आणि शार्लोटेनबुर्गचा अधिकारी

मागच्या शनिवारी कोपरगावला गेलो होतो. (नगर-मनमाड रस्त्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल, तेव्हा तो विषय आज नको.) निमित्त होतं मामेभावाच्या अ‍ॅडमिटचं. पोरगं मेकॅनिकलचं, आता मास्टर्ससाठी जर्मनीला निघालंय, आखेनला. घरात पेढे वाटून झाले होते आणि पेढ्यांनंतर जे येतं ते सुरू झालं होतं, म्हणजे हिशोब.

मामा कारखान्यात पॅनवर होता, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाला. त्याला फी नाही हे कळल्यावर आनंद झाला होता. सेमिस्टरला तीनेकशे युरो वर्गणी, बास. पण मग भावाने ब्लॉक्ड अकाउंट समजावून सांगितलं. व्हिसासाठी जर्मनीतल्या खात्यात आधीच वर्षभराचा खर्च टाकून ठेवायचा. २०२४ च्या सप्टेंबरपासूनचा आकडा ११,९०४ युरो, म्हणजे आपले अकरा-बारा लाख. आणि ते पैसे एकदम काढता येत नाहीत, महिन्याला ९९२ युरो सुटतात.

मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे पैसे आपलेच, अन् आपल्यालाच हप्त्यानं मिळणार. उसाच्या पेमेंटसारखंच झालं की हे."

सगळे हसलो. मामी चहा टाकायला आत गेली, तेव्हा त्याने आवाज खाली आणून मला विचारलं, "तू आयटीतला, तुला माहीत असंल. परत येतात का रे ही पोरं?"

मी "येतात ना" असं काहीतरी पुटपुटलो. खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. त्यात सहा वर्षांपूर्वी माझ्याही हातात असाच एक अ‍ॅडमिट होता आणि मी गेलो नव्हतो. त्याबद्दल शेवटी सांगतो.

संध्याकाळी गोदावरीकाठी बेटात गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कोपरगावच्या बेट भागात शुक्राचार्यांचं देऊळ आहे, जवळच कचेश्वराचं. शुक्राचार्यांच्या देवळात लग्नाला मुहूर्त लागत नाही असं म्हणतात, त्यामुळे सीझन असो नसो, तिथे गर्दी असते. लहानपणापासून शंभर वेळा गेलो असेन. पण त्या दिवशी पायऱ्यांवर बसल्यावर पहिल्यांदाच डोक्यात आलं, की अरे, हा कच म्हणजे आपला पहिला इंटरनॅशनल स्टुडंट!

बघा ना. देव-दानवांच्या युद्धात दानव मेले की शुक्राचार्य त्यांना संजीवनी विद्येने उठवून बसवायचे. देवांकडे ती टेक्नॉलॉजी नव्हती. मग त्यांनी बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, थेट शत्रूच्या गुरूकडे पाठवलं. कोर्स एक हजार वर्षांचा. शुक्राचार्यांनी त्याला प्रवेश दिला, तोही सगळं माहीत असून. दानवांना मात्र कळलं की हा विद्या घेऊन जाणार. त्यांनी त्याला तीन वेळा मारलं. शेवटच्या वेळी तर जाळून राख मद्यात कालवून गुरूलाच पाजली. शुक्राचार्यांनी पोटातल्या कचाला विद्या शिकवली, तो पोट फाडून बाहेर आला आणि त्याच विद्येने त्याने गुरूला जिवंत केलं. मग देवयानीने लग्नाचं विचारलं, तो नाही म्हणाला, आणि तिने शाप दिला : शिकलेली विद्या तुला फळणार नाही.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ साली यावर नाटक लिहिलं, त्याचं नाव 'विद्याहरण'. नावातच सगळं आहे. आणि ही कथा महाभारताच्या ज्या आदिपर्वात येते, त्याची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेत तयार झाली, १९३३ मध्ये पूर्ण झाली. तिचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर. केंब्रिजला गणित शिकलेला हा माणूस पुढे बर्लिनला जाऊन हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आला होता. म्हणजे कचाची गोष्ट नीटनेटकी करून आपल्या हातात ठेवणारा माणूसही जर्मनीहून विद्या घेऊन आलेलाच!

असो. आता मूळ विषयाकडे येतो. आपली पोरं जर्मनीला इंजिनिअरिंग शिकायला जातात, हे कधीपासून? आणि जर्मनीलाच का?

आधी हे टेक्निकल युनिव्हर्सिटी प्रकरण काय आहे ते पाहू. जर्मनीत जुनी विद्यापीठं होती तिथे धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक, तत्त्वज्ञान शिकवायचे. पूल बांधणं, यंत्र बनवणं ही कामं तिथे जरा हलकीच मानली जात. त्यामुळे त्यासाठी वेगळ्या शाळा निघाल्या. कार्ल्सरूहची १८२५ ची. बर्लिनमध्ये १७९९ ची बांधकाम अकादमी आणि १८२१ ची उद्योगशाळा होती. १८७९ साली या दोन्ही एकत्र करून शार्लोटेनबुर्गची टेक्निशे होखशूल झाली. डार्मश्टाटला १८८२ साली इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं अध्यासन निघालं, जगातलं पहिलं. हाइनरिश हर्ट्झने रेडिओलहरी प्रयोगाने दाखवल्या त्या कार्ल्सरूहच्याच होखशूलमध्ये, १८८० च्या दशकात.

पण डॉक्टरेट देण्याचा अधिकार या शाळांना नव्हता. जुन्या विद्यापीठांचा विरोध होता. शेवटी १८९९ साली, बर्लिनच्या होखशूलच्या शंभरीच्या समारंभात, कैसर विल्हेल्म दुसरा याने तो दिला. तरी मेख मारून ठेवलीच! जुन्या विद्यापीठांची डॉक्टरेट लॅटिनमध्ये, इंजिनिअरची मात्र जर्मनमध्ये, तीही मधे आडवी रेघ देऊन : 'डॉक्टर-इंजिनिअर'. म्हणजे लांबूनच ओळखू यावा. ती रेघ आजही आहे, फक्त आता जर्मन इंजिनिअर ती अभिमानाने मिरवतात. (बी.ई.वाल्यांकडे बी.एस्सी.वाले आणि उलट कसे बघतात हे आपल्याला माहीतच आहे :-) )

आता आपल्याकडे वळू. इंजिनिअरिंग शिकायला परदेशी जाणं महाराष्ट्राला नवीन नाही. पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ साली अमेरिकेत एमआयटीला दाखल झाले होते. तरी बहुतेकांची वाट इंग्लंडचीच होती, कारण राज्य त्यांचं आणि नोकऱ्याही त्यांच्याच हातात. अडचण अशी होती की इंग्लंडमध्ये वर्गात बसायला मिळायचं, पण कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकायला हिंदी विद्यार्थ्याला घ्यायला तिथले कारखानदार नाखूश असायचे. का असणार नाहीत? हाच मुलगा उद्या परत जाऊन स्वतःचा कारखाना काढणार. दानवांनाही हीच काळजी होती.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र बदललं. जर्मनी हरली, तिच्या वसाहती गेल्या. तिला हिंदुस्थानावर राज्य करायचं नव्हतं, उलट व्यापारासाठी मित्र हवे होते. शिवाय मार्क घसरत होता. युद्धाआधी एका डॉलरला ४.२ मार्क मिळत. जुलै १९२२ मध्ये साधारण ५००. आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये किती, तर ४.२ लाख कोटी! जर्मन मध्यमवर्गाची आयुष्यभराची बचत एका पावाच्या किमतीची उरली. पण ज्याला घरून पौंडांत पैसे येतात अशा परदेशी विद्यार्थ्याला मात्र बर्लिन अचानक परवडायला लागलं. आजचे आपले विद्यार्थी 'जर्मनी स्वस्त पडतं' म्हणतात तेव्हा मला नेहमी ही सुरुवात आठवते. ती स्वस्ताई कुणाच्या तरी दिवाळ्यातून आलेली होती.

नेमका या काळात, १९२२ च्या जुलैमध्ये, एक मराठी तरुण बर्लिनला पोचला. गंगाधर अधिकारी. जन्म १८९८, पनवेलचा. विषय रसायनशास्त्र, संस्था शार्लोटेनबुर्गची तीच टेक्निशे होखशूल. त्याच वर्षी तिथे माक्स व्होल्मर नावाचे प्राध्यापक आले होते. केमिकलवाल्यांनी बटलर-व्होल्मर समीकरण घोकलं असेल, तेच हे व्होल्मर. स्फटिक कसा वाढतो, या प्रश्नामागे ते लागले होते.

प्रश्न सोपा वाटतो. द्रावणातून किंवा वाफेतून रेणू येतात, स्फटिकाला चिकटतात, स्फटिक मोठा होतो. पण रेणू जिथे आदळतो तिथेच चिकटून बसतो का? व्होल्मर यांचं म्हणणं होतं की नाही, तो आधी पृष्ठभागावरून सरकतो, भटकतो, आणि योग्य जागा सापडली की बसतो. हे सिद्ध कसं करणार? १९२५ साली 'झाइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक' या नियतकालिकात एक निबंध आला, लेखक व्होल्मर आणि अधिकारी. बेंझोफिनोन नावाच्या पदार्थाचे रेणू घन पृष्ठभागावरून सरकतात हे त्यांनी प्रयोगाने दाखवलं आणि ते सरकणं मोजलंही. पृष्ठभागावरच्या डिफ्यूजनच्या इतिहासात हा निबंध आजही सुरुवातीच्या कामांत धरतात. आज चिप बनवताना सिलिकॉनवर अणूंचे पातळ थर चढवतात, तिथे हाच प्रश्न असतो : अणू पडल्यावर किती लांब सरकतो. आपण ज्या लॅपटॉपवर हे वाचताय त्याच्या मुळाशी कुठेतरी एका पनवेलच्या माणसाचं नाव आहे, आणि इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. बर्लिन तेव्हा नुसतं प्रयोगशाळांचं शहर नव्हतं. रस्त्यावर बेकार सैनिक, संप, मोर्चे. शिवाय जगभरच्या वसाहतींतले स्वातंत्र्यवादी तिथे जमलेले, त्यात वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे भाऊ. अधिकारी डॉक्टरेट झाले, आणि जर्मन कम्युनिस्ट पक्षातही गेले. डिसेंबर १९२८ मध्ये ते मायदेशी परतले. २० मार्च १९२९ ला देशभर अटकसत्र झालं, त्यात तेही पकडले गेले. हाच मीरत कट खटला. आरोपींत श्रीपाद अमृत डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर अशी मराठी नावं बरीच होती. खटला १९३३ पर्यंत चालला.

म्हणजे हिशोब बघा : बर्लिनमध्ये सहा वर्षं, डॉक्टरेट, व्होल्मर यांच्याबरोबर निबंध, आणि परतल्यावर साडेतीन महिन्यांत तुरुंग. पुढे ते काही काळ कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस होते, मार्क्स-एंगल्सचा जाहीरनामा त्यांनी मराठीत आणला, म्हातारपणी पक्षाच्या इतिहासाच्या कागदपत्रांचे जाडजूड खंड संपादित केले. १९८१ साली गेले. त्यांचं राजकारण पटो न पटो, तो ज्याचा त्याचा प्रश्न. मला चटका लागतो तो रसायनशास्त्राचा. प्रयोगशाळेत परत जाणं काही झालं नाही. विद्या घेऊन आले, पण ती त्यांना फळली नाही.

त्याच १९२८ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याहून इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. त्यांचा विषय मानववंशशास्त्र, म्हणजे आपल्या विषयाबाहेरचा, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा या जाण्याला पाठिंबा नव्हता. पती दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले, ते ठाम होते. पैसे उभे राहिले ते जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जातून. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य दिलेल्या घरात हे, तर आमच्या मामाने दहा वेळा विचार केला तर काय नवल? बर्लिनला त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे, जे पुढे नाझींच्या बाजूला गेले. कवट्यांची मापं घेऊन इरावतीबाईंच्या हाती जे आलं, त्याने गुरूच्या गृहीतकाला आधार मिळत नव्हता. त्यांनी तसं लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, गाइडच्या विरोधात थीसिस! ज्यांनी गाइडसमोर साधा प्रोजेक्ट रिपोर्ट ठेवलाय त्यांना यातली हिंमत कळेल.

१९३३ नंतर ही वाट जवळपास बंद झाली. नंतर युद्ध. शार्लोटेनबुर्गच्या इमारती बॉम्बहल्ल्यात पडल्या. १९४६ साली संस्था पुन्हा उघडली तेव्हा नाव बदललं होतं : टेक्निकल युनिव्हर्सिटी. नुसती पाटी बदलली नव्हती. यंत्रं उत्तम बनवणाऱ्या, पण ती कशासाठी हे न विचारणाऱ्या इंजिनिअरांनी काय घडवून आणलं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून आता इंजिनिअरिंगच्या मुलांना इतिहास, तत्त्वज्ञान असे विषयही सक्तीचे केले. आपल्याकडे असं काही असतं तर आपण त्याचे अपेक्षित प्रश्नसंच काढले असते, पण कल्पना चांगली होती.

स्वातंत्र्यानंतर मात्र विद्या उलट्या दिशेने, यंत्रांसकट यायला लागली. १९५४ ला टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक काढले. १९५९ ला पश्चिम जर्मनीच्या मदतीने मद्रासचं आयआयटी उभं राहिलं. आणि १९५८ ला आमच्या नगरच्या नवलमल फिरोदियांनी हांबुर्गजवळच्या टेम्पो कंपनीच्या परवान्यावर तीनचाकी मालवाहू गाडी काढली. कंपनीचं नाव बजाज टेम्पो (२००५ पासून फोर्स मोटर्स). तेव्हा कोपरगावच्या बाजारात कुणी "टेम्पो लाव रे" म्हणतो, तेव्हा तो एका जर्मन कारखान्याचं नाव घेत असतो. तीनचाकी गेली, शब्द राहिला. अस्सल मराठी झाला.

आमच्या गावात इंजिनिअर तयार होऊ लागले ते १९८३ नंतर. त्या वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान कॉलेजांना वाट मोकळी केली आणि कोपरगावात इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. नाव काय ठेवलं? संजीवनी! शुक्राचार्यांच्या गावात दुसरं काय ठेवणार. त्याआधी आमच्या गावातल्या मुलाला इंजिनिअर व्हायचं तर बाहेरगाव गाठावं लागे. नंतर एकरभर ऊस असलेल्याच्या घरातही बी.ई. दिसू लागला.

पण जर्मनीला जायला अजून भाषेची भिंत होती. जर्मनचा 'डिप्लोम' हा पाच वर्षांचा सलग कोर्स, तोही जर्मनमध्ये. १९९९ च्या बोलोन्या करारानंतर युरोपने बॅचलर-मास्टर ही पद्धत घेतली, हळूहळू इंग्रजीतले मास्टर्स कोर्स निघाले आणि आपल्या मुलांना दार उघडलं. २०२३-२४ च्या हिवाळी सेमिस्टरला जर्मनीत भारतीय विद्यार्थी ४९ हजारांवर होते, परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यांत मोठा गट. त्यात इंजिनिअरिंगवाले सर्वांत जास्त. फुकट शिक्षण मात्र आता सगळीकडे नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लावले. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ पासून मास्टर्सला ४,००० ते ६,०००. नोव्हेंबर २०२२ पासून कागदपत्रं तपासून घेण्याचं एपीएस प्रमाणपत्रही सक्तीचं आहे. जाणाऱ्यांनी हे सगळं आधी नीट बघावं, सीनियरच्या जुन्या मेलवर विसंबू नये.

तर बेटातून घरी आलो. जेवणं झाली. ओट्यावर मामाला अधिकाऱ्यांची गोष्ट सांगितली. राजकारण त्याने नुसतं ऐकून घेतलं. पण स्फटिकाचा प्रयोग सांगितला तशी स्वारी सावरून बसली.

"बरोबर आहे त्याचं," मामा म्हणाला, जणू व्होल्मर शेजारच्या शिफ्टला होते. "पॅनमध्ये दाणा असाच धरतो. आधी बी सोडायचं, मग रस येऊन त्यावर बसतो. घाई केली का फॉल्स ग्रेन पडतो. मग सगळी पॅन खराब. दाण्याला त्याची जागा हुडकायला वेळ द्यावा लागतो."

तीस वर्षं पॅनच्या काचेतून दाणा बघणाऱ्या माणसाला मी डिफ्यूजन शिकवायला निघालो होतो!

मग मी त्याला माझं सांगितलं, जे घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटतं वडिलांनी मला जाऊ दिलं नाही. तसं नव्हतं. दोन एकर गहाण टाकायचं ठरलं होतं, वडील तयार होते, बँकेत जायच्या आदल्या रात्री त्यांनी सातबारा पिशवीत घालून खुंटीला लावून ठेवला होता. सकाळी मीच म्हणालो, नको. कारण दिलं जमिनीचं. त्यात खरं होतंच. पण भीतीही होती, तिकडे आपण नापास झालो तर काय, याची. आज मी हिंजवडीत बसून जर्मन क्लायंटच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर टेस्ट करतो. चांगलं चाललंय. पण त्या दिवशी जमीन वाचवली की स्वतःला वाचवलं, हे मला अजून सांगता येत नाही.

मामा काहीच बोलला नाही. आतून भावाच्या व्हिडिओचा आवाज येत होता, कुणीतरी जर्मन आकडे शिकवत होतं.

"परत येतात का" याचं उत्तर मी त्याला शेवटी कचाच्याच गोष्टीतून दिलं. देवयानीने शाप दिल्यावर कच म्हणाला होता, मला नाही फळली तर नाही, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. आणि तो परत गेला. अधिकारी परत आले आणि प्रयोगशाळा हरवून बसले. इरावतीबाई परत आल्या आणि पुण्यात त्यांनी पिढी घडवली. काहीजण आलेच नाहीत, आणि तरी त्यांच्या पैशातून इथे बहिणींची शिक्षणं झाली. मामा, खात्री कुणीच देऊ शकत नाही. मात्र न जाण्याचाही एक हप्ता असतो आणि तो मी सहा वर्षं भरतोय, एवढं मला माहीत आहे.

मामाने तंबाखू मळली, थोडा वेळ रस्त्याकडे बघितलं. मग आत आवाज दिला, "ए, त्या खात्याचा फॉर्म आण बरं इकडं. दादा हाये तवर भरून घेऊ."

रात्री साडेअकरापर्यंत फॉर्म भरत बसलो. स्पेलिंग तीन वेळा तपासलं.